ओल्या गोणपाटाचा वास



आज आम्ही तुमच्यापुढे एक लहानशी कबुली ठेवणार आहोत. ती वाइनच्या एका घोटाविषयी आहे. विषय वाचून काहींना वाटेल, फादरांना दुसरा विषय सुचला नाही का? दारूने मोडलेली घरे आम्ही पाहिली आहेत आणि त्या घरांतील मायबहिणींचे अश्रूही पाहिले आहेत. तेव्हा हा लेख पिण्याची भलामण करण्यासाठी नाही. तो खरे बोलण्याविषयी आहे. जिभेला जे कळले ते तिने तसेच्या तसे सांगावे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या पॅरिशमध्ये सात-आठ हौशी मंडळींचा एक गट आहे. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी शिक्षक, एक जण अजून जहाजावर नोकरी करणारा. दोन-तीन महिन्यांतून एकदा ते कुणाच्या तरी घरी जमतात. दोन-तीन बाटल्या उघडल्या जातात, प्रत्येकाच्या ग्लासात दोन घोट पडतात, आणि मग कुणाला काय वास आला, कोणती चव लागली, हे ते एकमेकांना सांगतात. पिणे थोडे आणि बोलणे जास्त, असा तो प्रकार असतो. मागच्या वर्षी जानेवारीत त्यांनी आम्हाला बोलावले. त्याच दिवशी वाडीतील एका काकांनाही प्रथमच बोलावले होते. काकांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये काळी द्राक्षे स्वस्त झाली की ते बरणीत घरची वाइन घालतात आणि नाताळला शेजारीपाजारी एकेक बाटली पोहोचवतात.

पहिली बाटली उघडली. ती परदेशातून आणलेली होती आणि महाग होती. यजमानांनी मागच्या लेबलवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. आलुबुखार, चेरी, ओक लाकडाच्या पिंपाचा मंद सुवास, असे काही त्यात होते. मग ते म्हणाले, "फादर, तुम्हीच सुरुवात करा. तुम्हाला तर रोजची सवय!" सगळे हसले, आम्हीही हसलो. ग्लास नाकाशी नेला. खरे सांगायचे तर आम्हाला फळाचा वास आलाच नाही. पावसाळ्यात बंद राहिलेली पेटी उघडावी तसे काहीतरी दमट, कुबट वाटले. पण यजमानांनी प्रेमाने बाटली उघडली होती. सगळ्यांचे डोळे आमच्याकडे होते. आम्ही म्हणालो, "वा! आलुबुखार अगदी स्पष्ट जाणवतो."

आमच्यानंतर ज्याची पाळी आली त्यालाही आलुबुखार जाणवला. तिसऱ्याला चेरी सापडली. चौथ्याला चॉकलेटसुद्धा सापडले. शेवटी काकांची पाळी आली. त्यांनी ग्लास दोनदा नाकाशी नेला, खाली ठेवला आणि म्हणाले, "मला तर ओल्या गोणपाटाचा वास येतोय."

मोठा हशा पिकला. कुणीतरी म्हणाले, "काका, ही बरणीतली वाइन नव्हे!" काकाही हसले. पण त्यानंतर त्या संध्याकाळी ते एक शब्द बोलले नाहीत. आम्हीही काही बोललो नाही.

तीन-चार दिवसांनी यजमानांचा भाचा घरी आला. तो नाशिककडे वाइनच्या कारखान्यात काम करतो. अर्धी उरलेली बाटली त्याने हुंगली आणि लगेच म्हणाला, "मामा, ही बुचाने बिघडलीय. ओतून टाका." यजमानांनी आम्हाला फोन करून हे सांगितले आणि मोकळेपणाने हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही.

बुचाचा हा दोष वाइनच्या व्यवसायात चांगलाच परिचित आहे. बाटलीचे बूच एका जातीच्या ओक झाडाच्या सालीपासून बनते. त्या सालीत बुरशी धरली आणि तिला क्लोरिन असलेले काही पदार्थ मिळाले, तर ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे द्रव्य तयार होते. १९८१-८२च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी हे द्रव्य या दोषाचे कारण म्हणून ओळखले. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातले चार-पाच भाग एका लिटर वाइनचा वास बिघडवायला पुरतात. प्रकृतीला त्याचा अपाय होत नाही, पण फळांचा सुवास दबतो आणि ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास येतो. काकांनी त्याला गोणपाट म्हटले. शब्द अगदी योग्य होता.

आता प्रश्नाकडे येऊ. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' असे आपण म्हणतो. चवीच्या बाबतीत वाद घालू नये, अशा अर्थाची जुनी लॅटिन म्हणही आहे. मग काकांना गोणपाट आणि आम्हाला आलुबुखार, यात बिघडले काय? प्रत्येकाची जीभ वेगळी. कुणी बरोबर नाही, कुणी चूक नाही. असे म्हणून हा विषय मिटवता येईल का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना डेव्हिड ह्यूम हा स्कॉटिश विचारवंत आम्ही बहुतेक वेळा विरोधी पक्ष म्हणूनच वाचला. चमत्कारांवर त्याचा विश्वास नव्हता. परंतु १७५७ साली त्याने चवीच्या आणि अभिरुचीच्या मापदंडाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने सर्व्हान्टेसच्या 'डॉन किहोटे' या स्पॅनिश कादंबरीतील एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातील वाइन चाखून मत द्यायला बोलावतात. पहिला चाखून म्हणतो, वाइन चांगली आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची चव येते. लोक दोघांचीही थट्टा करतात. पुढे पीप रिकामे होते आणि तळाशी एक जुनी किल्ली सापडते. तिला चामड्याची वादी बांधलेली असते.

ह्यूमला यातून सांगायचे आहे ते असे. किल्ली पिंपात आधीपासून होती. चाखणाऱ्यांनी ती मनाने निर्माण केली नाही. ज्याची जीभ तयार आहे त्याला ती जाणवली, इतरांना जाणवली नाही. पुढे ह्यूम आणखी एक मुद्दा मांडतो, आणि तो आम्हाला जास्त लागला. ते पीप कधीच रिकामे झाले नसते, किल्ली कधीच सापडली नसती, तरीही ते दोघे बरोबरच असते. फक्त ते सिद्ध करणे कठीण गेले असते. आमच्या बाबतीत भाचा आला म्हणून काकांचे म्हणणे खरे ठरले, असे आपण म्हणतो. वास्तविक ते आधीच खरे होते. भाचा आला नसता तर काय झाले असते? आम्ही सगळे आजही त्या आलुबुखाराची आठवण काढत बसलो असतो, आणि काका आमच्या चेष्टेचा विषय राहिले असते. बंधुभगिनींनो, किती वेळा भाचा येतच नाही!

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० साली लिहिलेल्या ग्रंथात वाइनचेच उदाहरण घेतले आहे. कॅनरी बेटांची वाइन छान असते असे कुणी म्हटले, तर 'मला छान वाटते' असे म्हण, ही दुरुस्ती त्याने आनंदाने स्वीकारावी, असे कांट सांगतो. जिभेला काय आवडते यात दुसऱ्याला हुकूम करता येत नाही. सौंदर्याविषयी बोलताना मात्र आपण इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो, असा फरक तो करतो.

मग ह्यूम खरा की कांट? आमच्या मते चव सांगताना आपण एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतो. यात काय आहे, ही एक. मला ते आवडते की नाही, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीत कांटचे म्हणणे मान्य करायला हवे. एखाद्याला तुरट वाइन आवडते, दुसऱ्याला गोड. त्यात भांडण्यासारखे काही नाही. पण 'यात गोणपाटाचा वास आहे' हे वाक्य आवडीचे नाही. ती साक्ष आहे. साक्ष खरी असते किंवा चुकीची असते. 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून आपण साक्ष देणाऱ्यालाच गप्प करतो, आणि वर आपल्याला वाटते की आपण फार उदार आहोत.

याचा अर्थ असा नाही की ज्याला जाणवत नाही तो खोटारडा किंवा मठ्ठ. संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे की आजारी माणसाची जीभ बिघडलेली असली तर त्याला गोडही कडू लागते. ताप आलेल्याला पेज कडू लागते, हे आपल्या घरची आईही सांगेल. आजच्या विज्ञानाने त्यात भर घातली आहे. शिराझ जातीच्या लाल वाइनला काळ्या मिरीचा वास येतो असे जाणकार पूर्वीपासून सांगत. इतरांना तो शब्दांचा खेळ वाटे. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी रोटंडोन नावाचे द्रव्य त्या वासाचे कारण म्हणून प्रसिद्ध केले. तेच द्रव्य स्वयंपाकघरातल्या मिरीतही असते. म्हणजे जाणकार उगाच बोलत नव्हते. परंतु त्याच संशोधनात असेही आढळले की पाचांपैकी साधारण एका माणसाला हा वास मुळी येतच नाही. देवाने त्याला नाक दिले आहे, पण त्या एका वासापुरते ते बंद आहे. तो 'मला मिरी जाणवत नाही' म्हणतो तेव्हा तोही खरेच बोलत असतो.

म्हणून एकमेकांना सांगण्याची गरज आहे. एकाच माणसाच्या नाकातोंडात सगळी वाइन मावत नाही. मला मिरी कळत नाही, तुला कळते. तुला चामडे कळले, मला लोखंड. दोघांनी प्रामाणिकपणे सांगितले तरच किल्ली आणि वादी दोन्ही मिळून दिसतात. सांचोच्या त्या नातलगांपैकी एकाने जरी दुसऱ्याचे ऐकून 'हो, मलाही चामडेच लागले' असे म्हटले असते, तर लोखंडाची गोष्ट कायमची बुडाली असती.

पण इथेच धोका आहे. आपल्या जिभेला जे कळते त्यावर डोळे, कान आणि भीड यांची सत्ता चालते. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठातील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आधी एक पांढरी आणि एक लाल वाइन हुंगून तिचे वर्णन करायला सांगितले. नंतर तीच पांढरी वाइन एकदा जशीच्या तशी आणि एकदा वास नसलेला लाल रंग मिसळून दिली. रंग बदलताच बहुतेकांनी त्या पांढऱ्या वाइनला लाल वाइनचे शब्द लावले. ही मुले खोटे बोलत नव्हती. डोळ्यांनी आधीच निकाल दिला होता आणि नाकाने त्यावर सही केली होती.

पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी असेच झाले. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन विक्रेत्याने फ्रान्सच्या नामवंत वाइन्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन्स एकत्र मांडल्या, कोणती कुठली हे झाकून ठेवले, आणि फ्रान्समधील नऊ जाणकारांना गुण द्यायला सांगितले. त्या काळी कॅलिफोर्नियाला कुणी विचारत नव्हते. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची शातो माँटेलीना पहिली आली आणि लालमध्ये कॅलिफोर्नियाचीच स्टॅग्ज लीप. चाखता चाखता काही परीक्षकांनी अमेरिकेची वाइन फ्रान्सची समजून वाखाणली होती. लेबल समोर असते तर त्यांच्या जिभेला ती एवढी आवडली असती का? त्यांना वाइनचे ज्ञान कमी नव्हते. झाकलेल्या बाटलीने त्यांना त्यांच्याच प्रतिष्ठेपासून मोकळे केले, एवढेच.

आमच्याकडे त्या संध्याकाळी बाटली झाकलेली नव्हती. लेबल वाचून झाले होते. किंमत सांगून झाली होती. आणि पहिले मत धर्मगुरूंचे घेतले होते. हे तिसरे कारण आम्हाला सर्वांत जड वाटते. आमच्या एका 'वा!'ने पाच-सहा जणांची नाके बंद केली. त्यांतील एकाने नंतर आम्हाला सांगितले, "फादर, मलाही जरा विचित्र वाटलं होतं. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी शोधत बसलो आणि मला आलुबुखार सापडलाही!"

म्हणूनच वाइन गंभीरपणे चाखणाऱ्यांत काही साधे नियम पाळले जातात. बाटली कापडात गुंडाळतात. चाखताना कुणी बोलत नाही. आपले मत आधी कागदावर लिहायचे, मग वाचून दाखवायचे. दुसऱ्याचे ऐकून मत बदलले तर हरकत नाही, परंतु पुन्हा ग्लास हुंगून बदलायचे, नुसते ऐकून नाही. बरेच जाणकार तोंडातला घोट गिळतही नाहीत, शेजारच्या भांड्यात थुंकतात, कारण नशा चढली की साक्ष बिघडते. पिण्याच्या नादी लागलेल्यांनी हे शेवटचे लक्षात घ्यावे. ज्याला खरोखर चव हवी असते तो नशेला घाबरतो.

या नियमांत आम्ही आणखी एक जोडू इच्छितो. सर्वांत मानाच्या माणसाने सर्वांत शेवटी बोलावे. हे आमचे शहाणपण नव्हे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या तिसऱ्या प्रकरणात महत्त्वाच्या कामासाठी सर्व बंधूंना सल्ल्याला बोलवावे असे सांगितले आहे, कारण जे अधिक बरे ते प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला दाखवून देतो. मठाधिपतींनी सर्वांचे ऐकायचे आणि मग निर्णय करायचा.

शब्दांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या लोकांचा संकोच तिथेच असतो. 'आम्हाला त्यातले काय कळते?' असे म्हणून ते गप्प बसतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात ॲन नोबल या प्राध्यापिकेने १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले. त्यात 'उच्च', 'उमदा' असले भारदस्त शब्द नाहीत. त्यांतून काही कळत नाही म्हणून ते वगळले. उलट कापलेले गवत, ढोबळी मिरची, मध, जळलेली काडी, ओला पुठ्ठा असे सगळ्यांच्या अनुभवाचे शब्द आहेत. ढोबळी मिरचीचा वास काही वाइन्सना येतो तेव्हा त्याचे कारण असलेले द्रव्य खऱ्या मिरचीतही सापडते. म्हणजे शब्द घरगुती असला तरी तो अचूक असू शकतो.

नाशिक परिसरात वाइनचा व्यवसाय २०००च्या आसपास वाढू लागला. तेव्हापासून आपल्याकडेही ही चाखण्याची हौस आली, पण शब्द बाहेरचे आले. आपली माणसे 'ब्लॅककरंट' म्हणतात, जे फळ त्यांनी कधी खाल्लेले नसते. 'गूसबेरी' म्हणतात आणि मनात आवळा आणतात. ते फळच निराळे. त्यापेक्षा पेरू म्हणा, करवंद म्हणा, जांभूळ म्हणा, कैरी म्हणा. समोरच्यालाही कळेल आणि तुम्ही काय चाखले ते पडताळून पाहता येईल. काकांनी गोणपाट म्हटले तेव्हा सगळे हसले ते शब्दाला हसले. तोच वास इंग्रजीत सांगितला असता तर कदाचित माना डोलल्या असत्या.

शुभवर्तमानात काना गावच्या लग्नात एक माणूस असा आहे की ज्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो म्हणजे भोजनाचा कारभारी. पाण्याचा द्राक्षारस झाला आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तो कुठून आला हेही ठाऊक नव्हते. नोकरांना ठाऊक होते. म्हणजे त्याच्यापुढची बाटली झाकलेलीच होती. त्याने चाखले, आणि नवरदेवाला बोलावून सांगितले की चांगला रस तुम्ही शेवटपर्यंत राखून ठेवला. लोक सहसा उलट करतात, हेही बोलून दाखवले. त्याने चमत्कार पाहिला नाही. त्याने आपल्या जिभेला कळले तेवढेच प्रामाणिकपणे सांगितले, आणि ती साक्ष संत योहानाने जपून ठेवली. आम्ही त्या जागी असतो तर आधी आजूबाजूच्यांचे चेहरे पाहिले असते, अशी आम्हाला भीती वाटते.

आता कुणी म्हणेल, फादर, एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ करता! यजमानांचे मन मोडू नये म्हणून तुम्ही दोन गोड शब्द बोललात. त्यात पाप कसले? आम्हीही स्वतःला हेच सांगत होतो. पण विचार केला तेव्हा हे टिकले नाही. यजमानांवर प्रेम असते तर आम्ही म्हणालो असतो, "तुमची आपुलकी पोहोचली, पण या बाटलीत काहीतरी बिनसलेले दिसते." त्यांनी दुसरी बाटली उघडली असती. आमच्या सौजन्याने आठ माणसांना बिघडलेली वाइन पाजली आणि तिची स्तुतीही करवली. आम्ही जपले ते यजमानांचे मन नव्हते. 'फादरांना वाइनमधले कळते' हा आमचा मान आम्ही जपला. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही तर साक्षच भिकेला लावली. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. काकांविरुद्ध आम्ही काही बोललो नव्हतो. पण आमचे खोटे बोलणे त्यांच्या खऱ्याच्या विरुद्ध उभे राहिले.

हे फक्त वाइनपुरते नाही, हे तुम्ही ओळखलेच असेल. सणाच्या खर्चाची बैठक असते. हिशेब वाचून होतो. काहीतरी जमत नाही असे तिघा-चौघांना वाटते. पण पहिला मोठा माणूस 'उत्तम' म्हणतो, मग सगळेच 'उत्तम' म्हणतात. कोपऱ्यातली एखादी बहीण काही विचारते आणि लोक हसतात. पुढच्या बैठकीला ती येत नाही. आमच्याच अध्यक्षतेखाली असे झाले नसेल, असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्या उपवासकाळात आम्ही तास-तास कन्फेशनला बसत होतो. लोक आपले लहानसहान खोटे बोलणे मनापासून सांगत होते आणि आम्हाला गोणपाट आठवत होते. एका संध्याकाळी आम्ही काकांच्या घरी गेलो. ओटीवर बसलो. बरणी कोपऱ्यात उपडी घातलेली होती. बाजारात द्राक्षे भरपूर आली होती, म्हणून आम्ही विचारले, "काका, यंदा अजून घातली नाही?"

ते म्हणाले, "नाही फादर. आता बंद. जिभेचा भरवसा राहिला नाही. त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना फळाचा वास आला आणि मला गोणपाटाचा. म्हातारपण आलं, दुसरं काय! बिघडलेली वाइन लोकांना वाटायची आणि मला कळायचंही नाही."

बुचाची गोष्ट त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवलीच नव्हती. यजमानांनी आम्हाला सांगितली, गटात सांगितली, सगळे हसले आणि विसरले. ज्याला सांगायला हवी होती त्यालाच सांगायचे राहून गेले. आम्हीही दोन महिने ते टाळले होते. पन्नास वर्षे ज्या जिभेवर विसंबून त्या माणसाने गावाला नाताळची वाइन पाजली, तिच्यावरचा त्याचा विश्वास आम्ही एका 'वा!'ने काढून घेतला होता.

आम्ही त्यांना सगळे सांगितले. भाच्याचे सांगितले, बुचाचे सांगितले, आणि आम्हाला स्वतःलाही कुबट वास आला होता हे सांगितले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तुम्ही तसं म्हणाला का नाहीत?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही माफी मागितली. त्यांनी चहा ठेवायला सांगितला.

नाताळच्या आदल्या आठवड्यात काका स्वतः बंगल्यावर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. म्हणाले, "आधी चाखा. मी काही बोलणार नाही." आम्ही दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. रंग छान होता. जांभळाचा वास येत होता. पण घोट घेतल्यावर शेवटी जिभेच्या कडेला आंबूस लागले. क्षणभर आम्ही घुटमळलो. नाताळ जवळ आला होता, माणूस म्हातारा होता, बाटली प्रेमाने आणली होती. मग आम्ही म्हणालो, "काका, वास चांगला आहे. पण किंचित आंबट झालीय."

काकांनी आपला ग्लास उचलला, चाखला आणि मान हलवली. "मलाही तेच वाटलं होतं. एप्रिलमध्ये उकाडा फार होता," ते म्हणाले. "यंदा बरणी मागच्या पडवीत ठेवतो."

आपला,
प्रमुख धर्मगुरू